गप्प बसणारे मूल : भाषेची अडचण की दिव्यांगत्व?

रत्नागिरी जिल्ह्यातील आंबा बागांच्या राखणीसाठी आणि मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणून नेपाळी कामगार येतात. त्यांपैकी काहीजण कुटुंबासह राहतात व त्यांची मुले जवळच्या जिल्हा परिषद शाळेत दाखल होतात. घरी नेपाळी, शाळेत मराठी आणि, राज्यात २००० सालापासून पहिलीपासून शिकविली जाणारी इंग्रजी, अशा दोन नव्या भाषा या मुलांपुढे एकदम येतात. साहजिकच असे मूल आरंभी वर्गात गप्प बसते. त्याच बाकावरचे दुसरे मूलही गप्प असते. परंतु त्याला ऐकू कमी येत असते. पहिल्याला ‘मंद’ व दुसऱ्याला ‘लाजाळू’ समजले गेले, तर दोघांचेही शिक्षण वाया जाण्याचा धोका असतो.

फरक कसा ओळखावा?

शाळेची भाषा येत नाही एवढीच अडचण असलेले मूल घरच्या भाषेत वयाला साजेसे बोलते, खेळाचे नियम लवकर उचलते आणि वस्तू मोजून हिशेब करते. श्रवणाची किंवा बौद्धिक विकासाची अडचण मात्र घरच्या भाषेतही जाणवते. म्हणून शिक्षकांनी प्रथम पालकांकडे चौकशी करावी. मूल घरी कसे बोलते? पाठमोरे असताना हाक मारल्यास वळते काय? पालकांना मराठी येत नसल्यास मोठ्या भावंडाची अथवा बागायतदाराची मदत घ्यावी.

वाचन-लेखनातील विशिष्ट अध्ययन अक्षमता ओळखणे अधिक कठीण असते. असे मूल चांगले बोलते, पण वाचताना अडखळते. नव्या भाषेच्या पहिल्याच वर्षातील वाचनावरून तसा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. शिवाय एकाच मुलाला दोन्ही अडचणी असू शकतात, हेही विसरू नये. संगमेश्वरी बोली बोलणाऱ्या वाडीवरील मुलाने बोलीत दिलेले बरोबर उत्तर बरोबरच मानावे आणि मग पुस्तकातील शब्द त्यास जोडून द्यावा.

कायद्यातील तरतुदी

१ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयोगटातील मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश व मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. वयाचा दाखला नाही, या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मातृभाषा असावे, असेही हा कायदा सांगतो. जिल्ह्यात मराठीबरोबर उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांसारख्या सवलतींचीही तरतूद या कायद्यात आहे. येथेच योग्य निदानाचे महत्त्व कळून येते. दिव्यांग विद्यार्थ्याला भाषेतील सूट उपकारक ठरू शकते. केवळ भाषा नवीन असलेल्या मुलाला मात्र भाषेचा अधिक सराव हवा असतो. एकाची सवलत दुसऱ्याला दिल्यास त्याचे नुकसानच होते.

मदत कोठे मिळते?

२०१३ पासून राबविण्यात येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करते. शंका असलेल्या मुलांची नावे शिक्षकांनी आधीच काढून ठेवावीत, तसेच तपासणीच्या दिवशी ती मुले हजर राहतील हे पाहावे. पुढील तपासणी व प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाकडे जावे लागते. समग्र शिक्षा योजनेतून विशेष शिक्षकांचे मार्गदर्शन व साहित्य-साधनांची मदत देण्यात येते. विशेष शाळेची आवश्यकता असल्यास मंडणगड तालुक्यात घराडी येथे स्नेहज्योती निवासी अंध विद्यालय, दापोली येथे कर्णबधिर विद्यालय, तर रत्नागिरी येथे बौद्धिक अक्षम मुलांसाठी आविष्कार संस्थेचे सविता कामत विद्यामंदिर आहे.

ग्रामपंचायतीची भूमिका

आपल्या क्षेत्रातील १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे, ही शिक्षण हक्क कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर सोपविलेली कर्तव्ये आहेत. हंगामाच्या सुरुवातीस सदस्यांनी बागा व बंदरांवरील वस्त्यांना भेट देऊन मुलांची यादी शाळेकडे द्यावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्यामार्फत या कुटुंबांशी संपर्क ठेवणे सोपे जाते. हंगाम संपवून कुटुंब परत जाताना मुलाजवळ शाळेचा दाखला व तपासणीची कागदपत्रे असतील, याची काळजी घेतल्यास पुढच्या शाळेला पुन्हा प्रारंभापासून सुरुवात करावी लागणार नाही.