हाकेला ओ न देणारे मूल

लहान मुलाला नावाने हाक मारली की त्याची मान वळावी, ही आपल्या घरोघरची जुनी कसोटी आहे, आणि ती खोटी नाही. वर्षाच्या आतबाहेरचे मूल आपले नाव ओळखते, हाक मारणाऱ्याकडे पाहते, हसते. एखादे मूल मात्र वळत नाही. घरातली माणसे प्रथम म्हणतात, ऐकू येत नसेल. पण शेजारच्या खोलीत बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला की तेच मूल धावत येते. मग म्हणतात, हट्टी आहे. पुढे आजीबाई निर्वाळा देतात की, याचा बापही चौथ्या वर्षी बोलू लागला होता. अशा तीन वाक्यांत दोन-तीन वर्षे सरतात, आणि नेमकी हीच वर्षे मोलाची असतात.

या अवस्थेस शास्त्रात ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. मूळ शब्द ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः' यावरून स्विस मनोवैद्य ब्लॉयलर यांनी वेगळ्याच एका मनोविकाराच्या संदर्भात घडविला. पुढे १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून तो या मुलांस चिकटला. आम्हांस त्याचे मराठी रूप फारसे रुचत नाही. 'मग्न' म्हटले की समाधी आठवते, आणि ओतूरच्या माणसाला तर चैतन्यस्वामींची समाधीच आठवेल. हे मूल काही जगाकडे पाठ फिरवून आपल्या आनंदात बुडालेले नसते. जगाचे आवाज, चेहरे, शब्द त्याच्यापर्यंत निराळ्या रीतीने पोचतात, काही फार जोराने, काही मुळीच नाही. परंतु शब्द आता रूढ झाला आहे, तोच वापरू.

खुणा ओळखणे अवघड नाही. दीड वर्षाचे मूल चंद्राकडे किंवा गाईकडे बोट दाखविते व आपणही ती पाहिली की नाही म्हणून आपल्या तोंडाकडे पाहते. हे बोट दाखविणे न येणे ही फार महत्त्वाची खूण होय. हवी ती वस्तू मिळविण्यासाठी हे मूल मोठ्या माणसाचा हात धरून डब्यापर्यंत नेते, पण त्याच्या डोळ्यांकडे पाहत नाही. गाडी चालविण्याऐवजी तिचे चाकच फिरवीत बसते, वस्तू ओळीने मांडते, ओळ मोडली की आकांत करते. कोणी आलेले शब्द विसरते, कोणी ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणते. यांतील एकच खूण दिसली म्हणून घाबरू नये; अनेक एकत्र दिसल्या तर मात्र थांबू नये. श्रवणाची तपासणी आधी करून घ्यावी, म्हणजे तो संशय मिटतो.

सर्व मुले एका साच्याची नसतात. लोर्ना विंग या इंग्रज मनोवैद्य स्वतः अशा मुलीच्या आई होत्या. वर्णपटात एक रंग दुसऱ्यात मिसळत जातो, तशी ही अवस्था आहे, हा विचार त्यांनी रुजविला. कोणाला आयुष्यभर शब्द येत नाही, कोणी गणितात वर्गाच्या पुढे असतो पण मधल्या सुट्टीत एकटाच भिंतीशी उभा असतो. बुद्धी मंद असेलच असे नाही; म्हणून या मुलांस सरसकट 'मतिमंद' म्हणणे चूक आहे.

कारणांविषयी बोलताना प्रथम आईची सुटका केली पाहिजे. आईच्या मायेत ओलावा नसल्यामुळे मूल असे होते, हे मत पाश्चात्त्य देशांत एके काळी पंडितांनीच मांडले. १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइम यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, हे मत खोडून काढले होते. आज हे निश्चित आहे की या अवस्थेचा मोठा भाग आनुवंशिक असून मेंदूची घडण जन्मापूर्वीच निराळी होऊ लागते. आपल्याकडे पंडितांची गरज पडत नाही. ग्रहणात भाजी चिरली, गरोदरपणी नोकरी केली, असे काहीतरी सासर शोधून काढतेच. लसीमुळे असे होते ही अफवा १९९८ सालच्या ज्या लेखातून पसरली, तो लेख छापणाऱ्या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकानेच २०१० साली मागे घेतला. मोबाईलमुळेही स्वमग्नता होत नाही. मात्र तासन्‌तास मोबाईल हातात दिला, तर ज्या मुलाला देवाणघेवाण आधीच अवघड जाते त्याची ती संधीही जाते, हे खरे.

ही अवस्था मुळापासून काढून टाकणारे औषध नाही. झोप, फिट्स, अतिशय चिडचिड यांवर औषधे आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. पण मूलपेशींच्या सुया देऊन मूल बरे करतो, असे सांगणारे लोक लाखो रुपये घेतात, आणि त्यासाठी माणसे शेत गहाण टाकतात. या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. हा पैसा घरीच ठेवावा.

मग करावयाचे काय? मोठ्या शहरांत वाचा-उपचारतज्ज्ञ असतात. ओतूरहून पुण्यास जायचे म्हणजे जाण्यायेण्यात दिवस मोडतो; कांदा काढणीला आला असता आठवड्यातून दोनदा ही वारी कोण करील? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस गोव्यात सापडते. तेथील 'संगाथ' ही संस्था आणि रावळपिंडीतील संशोधक यांनी मिळून इंग्लंडमधील एक पद्धत आपल्याकडच्या घरांसाठी बेतली, आणि ती तज्ज्ञांऐवजी साध्या, पण नीट शिकविलेल्या कार्यकर्त्यांच्या हाती दिली. सहा महिन्यांत बारा भेटी. कार्यकर्ता घरी येतो, आई व मूल खेळत असताना थोडे चित्रण करतो, आणि मग आईबरोबर बसून ते पाहतो: पाहा, येथे त्याने तुमच्याकडे पाहिले होते, येथे तुम्ही थांबलात म्हणून तो पुढे आला. ६५ मुलांवरील या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. आयांना मुलाच्या चालीने चालता येऊ लागले, आणि मुले आपण होऊन अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. स्वमग्नता गेली असे कोणी म्हटले नाही. पण तज्ज्ञ नसलेली, नीट शिकविलेली व्यक्तीही हे काम करू शकते, हे त्यातून दिसले, आणि आमच्या मते जुन्नर-आंबेगावच्या दृष्टीने हीच त्यातील मोठी गोष्ट आहे.

या पद्धतीचे मर्म कोणत्याही ओसरीवर समजण्यासारखे आहे. समजा, मूल बराखीपाशी बसून एक कांदा घरंगळत सोडते आहे, पुन्हा आणते आहे, पुन्हा सोडते आहे. आपण काय करतो? 'हे काय आहे? रंग कोणता? सांग ना! टाकू नको. इकडे बघ!' पाच प्रश्न आणि आज्ञा, उत्तराला जागा नाही. मुलाच्या कानी हा केवळ गलबला. त्याऐवजी त्याच्यासमोर, त्याच्याच उंचीवर बसावे. गप्प राहून पाहावे. त्याने कांदा सोडला की दोनच शब्द बोलावे, 'कांदा गेला.' पुन्हा सोडला, पुन्हा तेच. मग एकदा कांदा आपल्या हाती धरून थांबावे, मनात दहा आकडे मोजावे. तो पाहील, हात पुढे करील, कदाचित 'गे' एवढेच म्हणेल. तेच त्याचे बोलणे समजून लगेच कांदा सोडावा. थांबणे हे यातील सर्वांत कठीण काम आहे. एकत्र कुटुंबात तर फारच, कारण आई थांबली की काकू बोलतात, काकू थांबल्या की आजोबा. घरात एकाच वेळी एकानेच बोलावे, एवढा नियम जरी पाळला तरी पुष्कळ.

शब्द येत नसेल तर चित्रे वापरावीत. पाणी, जेवण, शी, झोप यांची चार चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला लावली, तर मूल त्यांवर बोट ठेवू शकते. चित्रे दिल्याने मूल बोलायचे राहील ही भीती निराधार आहे.

आता आवाजाविषयी. कुकरची शिट्टी, मिक्सर, वरातीतला डीजे हे काही मुलांस आपल्याला वाटते त्याहून कितीतरी असह्य होते. कान दाबून जमिनीवर लोळणारे मूल हट्ट करीत नसते. हट्ट करणारे मूल आपण पाहतो आहोत की नाही याकडे लक्ष ठेवते. या मुलास ते भान उरलेले नसते. तेथे चापट मारणे म्हणजे भाजलेल्यावर चटका. त्याला गोंगाटातून बाजूला न्यावे, बोलणे बंद करावे, शांत होऊ द्यावे. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराला तांदळाच्या पिंडी पाहायला सारा गाव लोटतो. अशा मुलालाही जरूर न्यावे, पण आदल्या दिवशी तेथील फोटो दाखवून, गर्दी होण्यापूर्वी पहाटे, आणि ते कंटाळले की मध्येच परतण्याच्या तयारीने. जत्रेत मूल ओरडले म्हणजे लोक वळून पाहतात, पाहू द्यावे. ज्या घरांनी लाजेखातर मुलाला जत्रेला, लग्नाला नेणे सोडले, त्यांचे मूल गावाला अनोळखी झाले.

आणि ते अनोळखी असणे आपल्या भागात जिवावर बेतू शकते. यातील बरीच मुले न सांगता घरातून निघून जातात, आणि पुष्कळांस पाण्याची विलक्षण ओढ असते. शहरातील आई रस्त्याला भिते; आपल्याकडे बिनकठड्याच्या विहिरी, कालवा, प्लास्टिक अंथरलेली शेततळी आहेत, ज्यांच्या निसरड्या कडेवरून धडधाकट माणसालाही वर येता येत नाही. त्यात संध्याकाळनंतर उसाच्या कडेने बिबट्या असतो हे जुन्नरकरांस सांगायला नको. तेव्हा शेततळ्याला कुंपण आणि दोर हवेच, दाराला मुलाच्या हाताला न लागेल अशी वरची कडी हवी, गळ्यातल्या ताइतात नाव व फोन नंबर हवा, आणि पोहणे लवकर शिकवावे. परंतु सर्वांत मोठे कुंपण शेजाऱ्यांचे. वस्तीवरच्या प्रत्येकाला हे मूल माहीत असावे, ते हाकेला ओ देणार नाही हे माहीत असावे. म्हणजे एकटे दिसताच कोणी हाका मारीत न बसता जाऊन हात धरील.

सरकारी सोयी आहेत, पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावयाचे असते; त्या दिवशी मुलाला घरी लपवू नये, उलट संशय आपण होऊन सांगावा. पुढील तपासणी जिल्हा पातळीवर होते. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारांत ते आहे, व सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क त्याने दिला आहे. 'आमच्याकडे सोय नाही' असे सांगून मुख्याध्यापकांनी मुलाला परत पाठविले, तर हा कायदा त्यांच्यापुढे ठेवावा. प्रमाणपत्रासाठी हेलपाटे पडतात. तरी ते काढावे, कारण विमा, सवलती, परीक्षेतील जादा वेळ सारे त्याच्यावर अवलंबून आहे.

'आमच्या मागे याचे कसे होणार?' हा प्रश्न प्रत्येक आईबापाच्या मनात असतो, बोलला जात नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीस कायदेशीर पालक नेमण्याची व्यवस्था केली असून त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. पालक नेमताना थोरल्या भावावर सगळे लादून मोकळे होऊ नये. त्याला विचारावे, आणि लग्नाआधी त्याच्या होणाऱ्या बायकोलाही खरे सांगावे.

कामाचेही तसेच. ज्याला लहानपणी वस्तू ओळीने मांडल्याशिवाय चैन पडत नव्हते, त्याला गोळा, गोल्टी आणि बदला असे कांद्याचे ढीग निवडून लावायला शिकविले, तर पुष्कळदा तो न कंटाळता आणि न चुकता लावतो. त्याला रोज तीच जागा, तीच वेळ आणि शांत कोपरा हवा. त्याची मजुरी त्याच्या स्वतःच्या नावच्या खात्यात जमा व्हावी. घरच्यांनी ती 'त्याला काय कळते' म्हणून घरखर्चात धरू नये.