वीज किती दूर पडली?

हैदराबादेस गोवळकोंड्याचा किल्ला पाहावयास जाणाऱ्यांस एक चमत्कार हटकून दाखविला जातो. खाली प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली उभे राहून कोणी टाळी वाजवितो, आणि ती जवळजवळ एक किलोमीटर दूर, टेकडीच्या माथ्यावरील बालाहिसारात ऐकू येते. शत्रू आल्याची वर्दी वर पोहोचावी म्हणून ही योजना होती असे वाटाडे सांगतात. एक गोष्ट मात्र ते बहुधा सांगत नाहीत. टाळी वाजते त्याच क्षणी ती वर पोहोचत नाही. एक किलोमीटर चालून जाण्यास ध्वनीला सुमारे तीन सेकंद लागतात.

एवढे माप ध्यानी धरले म्हणजे वीज आपल्यापासून किती दूर पडली हे शाळकरी मुलासही सांगता येईल. प्रकाश सेकंदास तीन लक्ष किलोमीटर धावतो; म्हणून वीज चमकते त्याच क्षणी ती आपणांस दिसते असे मानावयास हरकत नाही. ध्वनी मात्र आपल्याकडील उष्ण हवेत सेकंदास सुमारे ३५० मीटर एवढेच अंतर तोडतो. तेव्हा लखलखाट दिसताच ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे सावकाश मोजू लागावे, आणि गर्जनेचा पहिला आवाज कानी पडताच थांबून आलेल्या संख्येस तिनाने भागावे. नऊ सेकंद झाले तर वीज तीन किलोमीटरांवर पडली, पंधरा झाले तर पाचांवर, तीस झाले तर दहांवर.

‘पहिला आवाज’ असे आम्ही मुद्दाम म्हटले. विजेची रेघ कित्येक किलोमीटर लांब असते. तिच्या जवळच्या भागाचा आवाज आधी येतो, दूरच्या भागाचा मागाहून. म्हणून गर्जना एका धडाक्यात न संपता गडगडत राहते. विजा लागोपाठ चमकू लागल्या म्हणजे तर कोणती गर्जना कोणत्या विजेची हेच कळेनासे होते. अशा वेळी मोजणी सोडून द्यावी.

परंतु वाचकहो, ह्या मोजणीवर विसंबून ओट्यावर बसून राहणे घातक आहे. जी वीज पडून गेली तिचेच अंतर ती सांगते. पुढची कोठे पडेल याविषयी ती मुकी आहे. वादळी ढग मैलोगणती पसरलेला असतो, आणि पाऊस जेथे पडत आहे तेथून दहा-पंधरा किलोमीटर दूर, डोक्यावर निळे आकाश असतानाही वीज येऊन पडते. आता गर्जना किती दूरवर ऐकू जाते? तीही साधारण पंधरा किलोमीटर, फार तर थोडी अधिक. अर्थात ज्याच्या कानी गर्जना पडली तो विजेच्या टप्प्यात आलेलाच असतो. तीस सेकंदांच्या आत गर्जना आली तर घर गाठावे असा एक नियम आहे. आता जाणकार म्हणतात, तेवढीही वाट पाहू नये. ऐकू आले की निघावे. शेवटच्या गर्जनेनंतर मात्र तीस मिनिटे आतच राहावे. आमच्या मते लोक चुकतात ते येथेच. सर ओसरली, ऊन पडले, की आंब्याखालचा सडा वेचावयास पोरे धावतात.

दख्खनच्या पठारावर हा प्रश्न चैत्र-वैशाखात विशेष बिकट होतो. हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच आहे. दुपारी जमीन भाजून निघते, बंगालच्या उपसागरावरून दमट हवा आलेली असते. ती तापून वर चढते आणि तिसऱ्या प्रहरी ढगांचे डोंगर उभे राहतात. मराठवाड्यातील आमचे वाचक ह्या वळवाच्या पावसास चांगले ओळखतात. १६८७ साली गोवळकोंडा पडल्यावर तेथे जी मोगल सुभेदारी आली, त्या काळात चारमिनारचा नैर्ऋत्येकडील मनोरा विजेने ढासळला व साठ हजार रुपये खर्चून तो पुन्हा उभारला गेला अशी नोंद आहे. मनोरे पुन्हा बांधता येतात. २०२२ या एका वर्षात भारतात विजेने २,८८७ माणसे दगावल्याची सरकारी नोंद आहे.

उंच मनोऱ्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. पूर्वी युरोपात वादळ आले की चर्चच्या घंटा वाजवीत. नादाने विजा फुटून जातात असा समज होता. उंच मनोरा, ओला दोर आणि तो ओढणारा मनुष्य! १७८४ साली म्युनिक येथे निघालेल्या एका पुस्तकात ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडून १०३ घंटा वाजविणारे मेल्याचा हिशेब दिला होता. उलट १७५४ साली मोराविया प्रांतात प्रोकोप दिविश नावाच्या एका धर्मगुरूंनी आपल्या गावी टोकदार लोखंडी सळ्यांचे, साखळ्यांनी जमिनीस जोडलेले यंत्र उभारले. पुढे अवर्षण पडले, तेव्हा त्याचे खापर यंत्रावर फोडून गावकऱ्यांनी ते मोडून टाकले. आमच्याकडेही पायाळू मुलावर वीज पडते म्हणून त्याला पावसाळी हवेत बाहेर सोडीत नाहीत. समज खोटा आहे. पण उरलेल्या भावंडांनाही तसेच आत ठेवतील तर आमची तक्रार नाही.

शेतात सापडलेल्या माणसास पहिला मोह होतो तो झाडाचा. वीज झाडावर पडते, खोडातून उतरताना शेजारच्या माणसाच्या अंगावर उडी घेते, आणि मुळांवाटे जमिनीत पसरते. त्या जमिनीवर ज्याचे पाय फाकलेले, त्याच्या एका पायातून शिरून दुसऱ्यातून ती बाहेर पडते. गुरांच्या पुढल्या-मागल्या पायांत अंतर अधिक, म्हणून एका झाडाखाली सारा कळपच्या कळप मरतो. एकटा ताड तर सर्वांत वाईट. पत्र्याची उघडी शेड, मांडव, ट्रॅक्टर, मोटारसायकल यांतही रक्षण नाही. पक्के घर किंवा काचा वर केलेली मोटार, बस हाच खरा आसरा. घरातही नळाखाली अंघोळ करू नये, भिंतीच्या विजेस जोडलेल्या वस्तूंना हात लावू नये. हातातला मोबाइल वीज ओढीत नाही. चार्जरला लावलेला मात्र दूर ठेवावा. काहीच आसरा नसेल तर उंचवटा, पाणी, तारेचे कुंपण सोडून, घोळका फोडून पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. ह्याने धोका थोडा घटतो इतकेच. धावून घर गाठता येत असेल तर धावावे.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे मोबाइलवरील साधन केले आहे. आपल्या भोवती वीस व चाळीस किलोमीटरांच्या आत विजा पडू लागल्या की ते इशारा देते. घरातील शिकलेल्या मुलाकडून ते घालून घ्यावे.

आणि कोणावर वीज पडलीच, तर त्यास शिवण्यास भिऊ नये. अंगात वीज साठून राहत नाही. पुष्कळदा हृदय व श्वास थांबलेला असतो, आणि लगेच छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन मनुष्य परत येतो. कोणी एकाने हे सुरू करावे, दुसऱ्याने १०८ क्रमांक फिरवावा. २००५ साली ही रुग्णवाहिका सेवा हैदराबादेतच प्रथम सुरू झाली; आता ती महाराष्ट्रातही आहे. गाडी येईपर्यंत छाती दाबणे थांबवू नये.