न जुळलेली साखळी

अमूर्त शिल्प पाहून, 'यात आहे तरी काय?' असे आपण सहज विचारतो. बर्लिनमधील एका शिल्पात त्याचे उत्तर आहे. १९८७ साली त्या नगरास साडेसातशे वर्षे झाली. परंतु मध्ये भिंत होती, आणि दोन्ही भागांनी वेगवेगळे उत्सव केले. पश्चिम बर्लिनमध्ये माचिन्स्की-डेनिंगहॉफ या शिल्पकार दांपत्याने भररस्त्यात पोलादी नळ्यांचे 'बर्लिन' हे शिल्प उभारले. तुटलेल्या साखळीच्या कड्या एकमेकींजवळ वळतात, परंतु जुळत नाहीत. शिल्पाचा अर्थ त्या मधल्या रित्या जागेत आहे. १९८९ साली भिंत पडली, १९९० साली नगर एक झाले. कड्या मात्र तशाच ठेवल्या आहेत. ज्या पिढीने ती ताटातूट पाहिली नाही, तिला ही रिती जागाच ती सांगते.