बिर्गिट प्रिन्त्स : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

जर्मनीसाठी सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोल कोणी केले? फुटबॉल पाहणारा कोणीही चटकन मिरोस्लाव क्लोजेचं नाव घेतो. क्लोजेचे गोल ७१. फ्रँकफर्टच्या बिर्गिट प्रिन्त्सचे १२८, तेही २१४ सामन्यांत. पुरुष असो वा महिला, जर्मनीकडून इतके गोल दुसऱ्या कोणीही केलेले नाहीत.

यावर लगेच आक्षेप येतो, की महिला फुटबॉलमध्ये समोरचे संघ दुबळे असतात, म्हणून आकडे फुगतात. त्यात थोडं तथ्य आहे. २००७च्या विश्वचषकात जर्मनीने अर्जेंटिनाचा ११-० असा धुव्वा उडवला, त्यातले तीन गोल प्रिन्त्सचे होते. पण त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, स्टार खेळाडू मार्ताच्या ब्राझीलविरुद्ध, कोंडी फोडणारा पहिला गोलही तिचाच. २००३मध्ये जर्मनीने गतविजेत्या अमेरिकेला त्यांच्याच भूमीवर उपांत्य फेरीत ३-० असं हरवलं, तेव्हा शेवटचा गोल तिने केला. त्या स्पर्धेत सर्वाधिक सात गोल तिचे, सर्वोत्तम खेळाडूचा मानही तिचा. जर्मनीने दोन्ही विश्वचषक जिंकले. नुसतं दुबळ्यांना झोडपून एवढं मिळत नाही.

दुसरी समजूत अशी, की जर्मनी पहिल्यापासूनच पुढारलेली, तिथे मुलींना मैदान आयतं मिळालं असेल. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. जर्मन फुटबॉल महासंघाने १९५५मध्ये आपल्या क्लबांना महिला फुटबॉलची दारं बंद करायला लावली. हा खेळ स्त्रीच्या देहाला आणि मनाला अपायकारक आहे, असं कारण दिलं गेलं. ही बंदी उठली १९७०मध्ये. प्रिन्त्सचा जन्म १९७७चा, म्हणजे बंदी उठून जेमतेम सात वर्षं झाली होती. महिला राष्ट्रीय संघाचा पहिला अधिकृत सामना झाला तो १९८२मध्ये. १९८९मध्ये हा संघ युरोपविजेता ठरला, तेव्हा महासंघाने खेळाडूंना बक्षीस म्हणून कॉफीच्या कपबशांचा संच दिला! पाचच वर्षांनी, १९९४मध्ये, सोळा वर्षांची प्रिन्त्स राष्ट्रीय संघात आली आणि कॅनडाविरुद्ध पहिल्याच सामन्यात विजयी गोल करून मोकळी झाली.

व्यावसायिक खेळाडू म्हणजे सात पिढ्यांची सोय, हाही समज तिच्या बाबतीत चुकीचा ठरतो. २००३ ते २००५ अशी सलग तीन वर्षं फिफाने तिला जगातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरवलं. तरी तिने फिजिओथेरपीचं प्रशिक्षण घेतलं आणि पुढे खेळता खेळताच मानसशास्त्राची पदवी मिळवली. मधल्या काळात ती अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये कॅरोलिना करेजकडून खेळली. ती लीग २००३च्या विश्वचषकाच्या तोंडावर पैशांअभावी बंद पडली.

त्याच वर्षी इटलीतल्या पेरुजा क्लबच्या मालकाने तिला थेट पुरुषांच्या संघात खेळण्याचा प्रस्ताव दिला. ती घाबरली म्हणून नाही म्हणाली, असं एखाद्याला वाटेल. खरं तर प्रसिद्धीसाठी करारबद्ध होऊन राखीव खेळाडूंच्या बाकावर बसण्यात तिला रस नव्हता. तो नकार मला तिच्या कारकिर्दीतला सर्वांत स्वच्छ निर्णय वाटतो. पुरुषांच्या संघात जागा मिळाली तरच आपण मोठ्या, ही अट तिने मान्यच केली नाही.

शेवटचा गैरसमज २०११चा. त्या वर्षी विश्वचषक जर्मनीतच होता. पहिल्या दोन सामन्यांत तिला मैदानाबाहेर बोलावलं गेलं, नंतर तिला उतरवलंच नाही, आणि जर्मनी उपांत्यपूर्व फेरीत जपानकडून हरली. त्यामुळे तिची अखेर अपयशी ठरली, असं लिहिलं गेलं. पाच युरोपीय अजिंक्यपदं, ऑलिम्पिकची तीन कांस्यपदकं आणि विश्वचषकातले १४ गोल एवढी कमाई एका उन्हाळ्याने पुसली जात नाही. निवृत्तीनंतर ती क्रीडा मानसशास्त्रज्ञ झाली आणि २०१९च्या विश्वचषकात त्याच नात्याने जर्मनीच्या महिला संघासोबत होती.