आधी स्वच्छ, मग थंड : नैसर्गिक वायू द्रवरूप कसा होतो

आज एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. आपल्या स्वयंपाकघरातल्या लाल सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूप असतो. भरलेला सिलिंडर हलवून बघा, आत काहीतरी हिंदकळतं ते हाताला कळतं. रिक्षात जो सीएनजी भरतात, तो यापेक्षा कितीतरी जास्त दाबाखाली असतो, सुमारे २०० बार. म्हणजे हवेच्या दाबाच्या दोनशेपट. तरीही तो वायूच राहतो. कमी दाबातला गॅस द्रव होतो आणि जास्त दाबातला होत नाही, असं कसं?

याचं उत्तर ‘क्रांतिक तापमान’ या कल्पनेत आहे. प्रत्येक वायूचं असं एक तापमान असतं की त्याच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही. सिलिंडरमध्ये असतात प्रोपेन आणि ब्यूटेन. प्रोपेनचं क्रांतिक तापमान सुमारे ९७ अंश सेल्सिअस, ब्यूटेनचं सुमारे १५२. आपल्या घरातलं तापमान त्याच्या बरंच खाली, म्हणून थोड्या दाबानं काम होतं. सीएनजी आणि पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याचं क्रांतिक तापमान आहे उणे ८२.६ अंश. म्हणजे लातूरच्या उन्हाळ्यात काय किंवा काश्मीरच्या हिवाळ्यात काय, नुसत्या दाबानं मिथेन द्रव होणार नाही. त्याला थंडच करावं लागतं. साध्या हवेच्या दाबाला द्रव ठेवायचा तर उणे १६२ अंशांपर्यंत.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण द्रव झाल्यावर त्याचं आकारमान सुमारे ६०० पट कमी होतं. २००४ च्या जानेवारीत कतारमधल्या रास लफान बंदरातून ‘दिशा’ नावाचं जहाज गुजरातमधल्या दहेजला आलं आणि भारतात एलएनजीची आयात सुरू झाली. या जहाजाची क्षमता सुमारे १ लाख ३८ हजार घनमीटर. तेवढाच गॅस वायुरूपात आणायचा तर आठ कोटी घनमीटरहून जास्त जागा लागली असती. असं जहाज कोणी बांधू शकत नाही.

थंडी काहीही लपू देत नाही

आता आजच्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा. द्रवीकरण म्हटलं की सगळ्यांना मोठमोठे कॉम्प्रेसर आठवतात. पण प्रकल्पाचं यश किंवा अपयश त्याच्या बरंच आधी ठरतं, गॅस स्वच्छ करताना.

विहिरीतून येणारा गॅस शुद्ध मिथेन नसतो. त्यात इथेन, प्रोपेन, ब्यूटेन आणि त्याहून जड घटक असतात. पाण्याची वाफ असते. कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, कधी हायड्रोजन सल्फाइड आणि कधी अगदी सूक्ष्म प्रमाणात पारा. हे काही फक्त आखाती देशांचं दुखणं नाही. आपल्या किनाऱ्यासमोरच्या वसई क्षेत्रातला गॅससुद्धा ‘आंबट’, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड असलेला. तो समुद्राखालच्या पाइपलाइननं हाजिऱ्याला नेतात आणि तिथे ‘गोड’ करतात. आंबट आणि गोड हे या धंद्यातले रोजचे शब्द आहेत.

पण पाइपलाइनसाठी स्वच्छ करणं आणि द्रवीकरणासाठी स्वच्छ करणं यात फार फरक आहे. पाइपमधून जाणाऱ्या गॅसमध्ये एक-दोन टक्के कार्बन डायऑक्साइड असला तरी चालून जातो. द्रवीकरणाला मात्र दहा लाख भागांत जास्तीत जास्त ५० भाग. म्हणजे शेकडोपट कडक अट. का? कारण उणे १६२ अंशांच्या वाटेवर कार्बन डायऑक्साइड गोठतो, त्याचा कोरडा बर्फ होतो. पाण्याचा बर्फ होतो. बेंझीन तर साडेपाच अंशांनाच गोठतं. एक्स्चेंजरच्या नळ्या अगदी बारीक असतात. त्यांत ही घन कणी साचली की नळ्या तुंबतात आणि सगळा प्रकल्प बंद करून गरम करत बसावं लागतं. खोलीच्या तापमानाला जी अशुद्धी गुपचूप बसलेली असते, तिला थंडी उघडं पाडते.

क्रम का बदलता येत नाही

गॅस आला की सर्वांत आधी त्यातलं सुटं पाणी, तेल आणि वाळू मोठ्या पात्रात खाली बसू देतात. मग खरं काम सुरू होतं.

पहिली पायरी, आम्ल वायू काढणं. एका उंच मनोऱ्यात वरून अमाइनचं पाण्यातलं द्रावण खाली पाझरतं आणि खालून गॅस वर चढतो. वाटेत कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड अमाइनला चिकटतात. हे द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात सुमारे १२० अंशांपर्यंत तापवलं की ते वायू सुटून निघतात आणि अमाइन पुन्हा कामाला लागतं. हायड्रोजन सल्फाइड विषारी असतो. तो हवेत सोडून चालत नाही, म्हणून त्याच्यापासून गंधक तयार करतात.

दुसरी पायरी, पाणी काढणं. इथे विद्यार्थी नेहमी विचारतात, पाणी आधीच का काढत नाही? कारण अमाइनचं द्रावणच पाण्यातलं आहे. गॅस त्या मनोऱ्यातून बाहेर पडतो तो ओला होऊनच. आधी वाळवला असता तर पुन्हा भिजला असता. धुतल्यानंतरच वाळत घालतात, तसंच हे.

वाळवण्यासाठी झिओलाइटचे मणी वापरतात. त्यांची छिद्रं जेमतेम चार अँगस्ट्रॉम, म्हणून त्यांना रेणूंची चाळणी म्हणतात. पाण्याचा रेणू आत शिरून धरला जातो आणि मिथेन पुढे निघून जातो. एक मनोरा काम करत असतो, तेव्हा दुसरा गरम गॅसनं सुकवत असतात. शेवटी पाणी दहा लाखांत एक भागापेक्षाही कमी उरतं. इतका हट्ट का, तर दाबाखाली पाणी आणि मिथेन मिळून हायड्रेट नावाचा बर्फासारखा पदार्थ बनतो आणि तो शून्याच्या वर, १०-१५ अंशांनाही जमू शकतो. गोठणबिंदू अजून लांब आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

तिसरी पायरी, पारा. तो असतो अगदी नगण्य, पण त्याचा धडा महाग पडला आहे. अल्जीरियातल्या स्किकदा इथल्या द्रवीकरण प्रकल्पात १९७३ साली ॲल्युमिनियमचे हीट एक्स्चेंजर निकामी झाले. कारण निघालं गॅसमधला पारा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो धातूला वाचवतो. त्या थराला कुठे चीर असेल तर पारा आत शिरतो आणि धातू ठिसूळ करतो. गंमत अशी की पारा उणे ३९ अंशांना गोठतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत तो निमूट पडून असतो. दुरुस्तीसाठी यंत्र गरम केलं की तो वितळतो आणि तेव्हा घात करतो.

उपाय मात्र आपल्या ओळखीचा आहे. आयुर्वेदात पारा आणि गंधक खलात घोटून काळी कज्जली करतात, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. इथेही तीच रासायनिक जवळीक वापरली जाते. गंधक लावलेल्या कोळशाच्या थरातून गॅस नेला की पारा सल्फाइड होऊन तिथेच अडकतो.

यानंतर जड हायड्रोकार्बन काढतात. त्यातला प्रोपेन-ब्यूटेन वाया जात नाही. तोच पुढे एलपीजी म्हणून विकता येतो.

उलटी दहीहंडी

आता थंड करणं. फ्रिजचं तत्त्व तुम्हाला माहीत आहे : शीतक दाबायचा, त्याची उष्णता बाहेर काढायची, मग त्याला प्रसरण पावू द्यायचं. पण एकाच शीतकानं ३० अंशांवरून उणे १६२ गाठणं जमत नाही. म्हणून दहीहंडीसारखे थर लावतात, फक्त इथे उतरत जायचं असतं. प्रोपेन उणे ४२ च्या आसपास नेतो. त्या थंडीच्या खांद्यावर इथिलीन द्रव होतं आणि उणे १०४ पर्यंत नेतं. इथिलीनच्या आधारानं मिथेनचं तिसरं चक्र चालतं. १९६४ मध्ये अल्जीरियातल्या आर्झ्यू इथे सुरू झालेला पहिला मोठा व्यापारी प्रकल्प आणि १९६९ चा अलास्कातला केनाई प्रकल्प याच पद्धतीचे.

पण यात एक तोटा आहे. गॅस थंड होतो तो उतारावरून घसरल्यासारखा, सलग. शीतक मात्र पायऱ्यांनी थंडी देतात. उतार आणि पायरी यांच्यातलं अंतर म्हणजे फुकट गेलेली ऊर्जा. कोयनेचं पाणी टर्बाइनला न देता कड्यावरून सोडून दिल्यासारखं. उपाय असा की नायट्रोजन, मिथेन, इथेन, प्रोपेन यांचं मिश्रणच शीतक म्हणून वापरायचं. मिश्रण एका तापमानाला उकळत नाही, ते हळूहळू उकळत जातं. मग त्याचाही उतार होतो आणि तो गॅसच्या उताराला जवळून साथ देतो. आधी प्रोपेननं थंड करून मग मिश्रणानं पुढे नेणं ही पद्धत आज जगात सर्वांत जास्त वापरात आहे. कतारच्या महाकाय प्रकल्पांत शेवटच्या टप्प्याला नायट्रोजनचं आणखी एक चक्र जोडलं आहे. तिथली एकेक उत्पादन-साखळी वर्षाला ७८ लाख टन एलएनजी देते.

शेवटी दाबाखालचा थंड द्रव एका झडपेतून सोडतात. दाब उतरतो, थोडा द्रव उकळून वायू होतो, उरलेला उणे १६२ ला स्थिरावतो. त्या वायूबरोबर नायट्रोजनही निघून जातो.

साठवणीची चूक

द्रव झाला म्हणजे संपलं नाही. २० ऑक्टोबर १९४४ रोजी अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात एलएनजीची टाकी फुटली. द्रव रस्त्यावर आला, वाफ गटारांत शिरली आणि पेट घेतला. सुमारे १३० माणसं गेली. टाकीच्या पोलादात निकेल होतं साडेतीन टक्के. एवढ्या थंडीत ते पोलाद ठिसूळ होतं. आज ९ टक्के निकेलचं पोलाद वापरतात, टाकीला बाहेरून दुसरं कवच असतं आणि जागा वस्तीपासून दूर निवडतात. यातला प्रत्येक नियम त्या माणसांच्या मृत्यूनंतर लिहिला गेला आहे, हे इंजिनिअरनं विसरू नये.

श्रोत्यांचा प्रश्न

एका श्रोत्यानं विचारलं : एवढं करून आपण पुन्हा त्याला तापवून वायूच करतो, मग ही ऊर्जा वाया नाही का गेली?

प्रश्न रास्त आहे. येणाऱ्या गॅसचा ढोबळमानानं दहावा हिस्सा त्याला थंड करण्यातच खर्च होतो. उतरवून घेतल्यावर बऱ्याच ठिकाणी समुद्राच्या पाण्यानं तो गरम करतात, म्हणजे विकत घेतलेली थंडी समुद्राला देऊन टाकतात. जपानमध्ये ओसाकाजवळ हीच थंडी हवेपासून ऑक्सिजन आणि नायट्रोजन वेगळे करायला वापरतात. दहेज, दाभोळ यांसारख्या ठिकाणी अशा वापराला मोठा वाव आहे. अंतर कमी असेल आणि मधे जमीन असेल तर पाइपलाइनच परवडते. हजारो किलोमीटरचा समुद्र मधे असेल तर जहाज.

आणि एक गोष्ट हिशेबात धरायला हवी. जळालेला मिथेन कोळशापेक्षा स्वच्छ, पण न जळता गळलेला मिथेन वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीच्या आसपास तापमानवाढ करतो. म्हणून गळती रोखणं हे शुद्धीकरणाइतकंच महत्त्वाचं अभियांत्रिकी काम आहे.

तर आजचं व्याख्यान एका ओळीत : धुवा, वाळवा, पारा काढा, जड घटक काढा आणि मगच थंड करा. हा क्रम पाठ करायची गरज नाही. प्रत्येक पायरी मागच्या पायरीमुळे का येते ते कळलं, की तो आपोआप लक्षात राहतो.