दादरच्या पोर्तुगीज चर्चची पुनर्बांधणी

मुंबईत दादर येथील गोखले रस्त्यावरचे साल्व्हेशन चर्च लोकव्यवहारात ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणूनच ओळखले जाते. नावावरून जुन्या घाटाच्या इमारतीची कल्पना करून जाणाऱ्यास तेथे मात्र वर निमुळती होत गेलेली काँक्रीटची उंच कवचे दिसतात.

फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ मध्ये हे चर्च स्थापन केले. पुढे १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांच्या ताब्यात गेली, तरी पोर्तुगीज हे नाव टिकले. चर्चची सध्याची वास्तू १९७७ मध्ये पूर्ण झाली. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय व नवी मुंबईचे नियोजन यांच्याशी ज्यांचे नाव निगडित आहे, ते चार्ल्स कोरिया हे तिचे वास्तुशिल्पकार होत.

युरोपातील चर्च म्हणजे बहुधा एकच लांबट, बंदिस्त दालन. थंड हवेच्या देशात ते सोयीचे. मुंबईच्या दमट उकाड्यात मात्र गर्दीच्या वेळी जीव घुसमटावा. कोरिया यांनी एका दालनाऐवजी छपराखालच्या जागा आणि उघडे चौक एकमेकांत गुंफले. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व कवचांच्या माथ्यावरील झरोक्यांतून बाहेर पडते. तिची जागा घेण्यास चौकांतून ताजी हवा आत येते. देशावरच्या वाड्यातील चौक हेच काम करीत आला आहे. गावोगावी जुन्या लाकडी सभामंडपाच्या जागी सपाट स्लॅब टाकताना नेमकी हीच वाट बुजविली जाते, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.

उपासनेची रीतही याच सुमारास बदलत होती. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनऐवजी लोकभाषांचा वापर रूढ झाला; धर्मगुरू वेदीमागे लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. साहजिकच वेदी आणि भाविक यांमधील अंतर कमी करणारी रचना सर्वत्र हवीशी झाली.

परिचित रूप नाहीसे झाल्याची हळहळ जुन्या भाविकांना वाटावी, हे स्वाभाविक आहे. तथापि पोर्तुगीज घाटाची नक्कल उभारली असती तर उकाडाही तसाच राहिला असता.

येथील एका कवचाच्या माथ्यावरील काच एम. एफ. हुसेन यांनी रंगविली आहे. या चित्रकाराचा जन्म पंढरपूरचा.