पोरगं बिथरलंय, की डोक्यात दुखणं आहे?

मुरुमच्या बचत गटाच्या आम्ही बायका आज जरा अवघड विषय घेऊन आलो आहोत.

हप्ते गोळा झाले की बैठकीत घरचं बोलणं निघतं. पोरगी हुशार होती, आता कशातच मन नाही. पोरगा चिडतोय, अंगावर येतोय. त्यावर ठरलेली उत्तरं येतात: वयच तसं आहे, मोबाइलचं खूळ आहे, बाहेरचं असंल. आणि ‘लग्न लावून द्या’ हे तर गोळी सांगावी तसं सांगतात!

अशा वागण्यामागं बहुतेक वेळा ताण, उदासी किंवा मनाचा आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत. पण क्वचित मेंदूतली गाठ आधी वागण्यातूनच दिसते. कपाळामागचा मेंदूचा भाग उत्साह, लाजलज्जा, विचार करून वागणं सांभाळतो. तिथं गाठ आली तर माणूस सुस्त पडतो, आंघोळीचंही भान राहत नाही, नाहीतर चारचौघांत भलतंच बोलतो. कानाच्या बाजूला असली तर नसलेला वास येतो, एकाएकी भीती दाटते, नजर क्षणभर थिजते. हेच बघून घरचे म्हणतात, झपाटलंय.

मोठमोठे डॉक्टरही यात फसलेत. अमेरिकेतले नामवंत संगीतकार जॉर्ज गर्शविन यांचं डोकं दुखायचं, रबर जळल्याचा वास यायचा. मनाचाच त्रास म्हणून ते बाजूला पडलं. १९३७ च्या जुलैत ते बेशुद्ध पडले तेव्हा गाठ सापडली. ११ जुलैला ते गेले, वय ३८. तेव्हा सीटी स्कॅन नव्हता. आता सोलापूर-लातूरला होतो.

नुसत्या चिडचिडीवरून घाबरू नका. सोबत काय आहे ते बघा. सकाळी उठल्याउठल्या डोकं दुखणं, उलटी होणं, एकाचे दोन दिसणं, एका बाजूचा हात-पाय हलका पडणं, चालताना तोल जाणं. आणि पहिल्यांदाच फिट आली तर कांदा हुंगवत बसू नका, दवाखाना गाठा. फिट मेंदूतल्या जंताच्या गाठीनंही येते, त्यावरही औषध आहे.

गटाची वही लिहितो तशी तारीखवार नोंद ठेवा: आधी कसा होता, कधीपासून बदलला, काय काय झालं. डॉक्टरांना ती वही लई कामाची. डोळ्याच्या आतला पडदा बघूनही डोक्यात दाब वाढलाय का, याचा अंदाज येतो. मनाच्या गोळ्या सुरू असतील तर आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. गुण येत नसेल तर सरळ विचारा, ‘मेंदूची तपासणी करावी लागेल का?’ विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड, आधार सोबत न्या. जाण्यायेण्याला गटातून कर्ज मिळेल. उताऱ्याला आणि कोंबड्याला मागितलं तर आम्ही आधी दवाखान्याचा कागद मागणार. मनाच्या त्रासाबद्दल घरबसल्या बोलायचं असेल तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस सुरू असतो, पैसे पडत नाहीत.